एक टनाचा गर्डर: हिशेब कागदावर, खात्री डायल गेजवर

"सर, चेन कप्पी लावायची हाय. एक टनच उचलायचंय. भंगारातनं दीडशेचा गर्डर आणलाय, चार मीटरचं अंतर हाय. चालंल न्हवं?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमालकाचा हा प्रश्न. दीडशेचा म्हणजे १५० मिलीमीटर उंचीचा. त्याला फोनवर "चालेल" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगणं मला बरोबर वाटलं नाही. पुढच्या रविवारी वही, जाडी मोजायला व्हर्नियर आणि बारीकशी हालचाल मोजणारा डायल गेज घेऊन गेलो. त्या दिवशी आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तोच इथे पायरीपायरीने देतो आहे. डिप्लोमाची मुलं हे सगळं परीक्षेपुरतं शिकतात, पण खऱ्या गर्डरखाली उभं राहिल्यावर कुठून सुरुवात करायची ते अनेकांना सुचत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि वर्कशॉप चालवणाऱ्यांसाठीही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत 'ताण' हा शब्द आपण ओढ, भार आणि मनाचा त्रास या सगळ्यांनाच वापरतो. इंजिनिअरिंगमध्ये तेवढ्यावर भागत नाही. भार म्हणजे बाहेरून येणारं बळ, न्यूटनमध्ये. स्ट्रेस म्हणजे त्या बळाला तोंड देताना धातूच्या आत दर चौरस मिलीमीटरला किती न्यूटन वाट्याला आले ते. शाळेच्या पुस्तकात याला प्रतिबल म्हणतात. एका चौरस मिलीमीटरवर एक न्यूटन म्हणजे एक मेगापास्कल. स्ट्रेन, म्हणजे विकृती, हे मूळ लांबीच्या मानाने झालेलं ताणणं किंवा आखडणं. लांबीला लांबीने भागल्यामुळे त्याला एकक नाही.

दोघांना जोडणारा आकडा धातूचा असतो. स्टीलसाठी तो साधारण २ लाख मेगापास्कल. स्ट्रेसला त्याने भागलं की स्ट्रेन मिळतो. म्हणजे १०० मेगापास्कल स्ट्रेस असलेली एक मीटरची सळई फक्त अर्धा मिलीमीटर लांबते.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्ट्रेस डोळ्यांना दिसत नाही आणि गर्डरला उपकरण लावून तो थेट मोजताही येत नाही. स्ट्रेन गेजसुद्धा नावाप्रमाणे स्ट्रेनच मोजतं, स्ट्रेस आपण हिशेबाने काढतो. हाताला लागतो तो फक्त बाक, म्हणजे भाराखाली गर्डर मध्ये जितका खाली झुकतो तेवढं अंतर. म्हणून कागदावर बाक आधी काढायचा, मग प्रत्यक्षात मोजायचा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते बघायचं. जुळले नाहीत तर आपण धरलेलं काहीतरी चुकलेलं असतं.

आता वाकणं. ओला बांबू दोन विटांवर टेकवून मध्ये दाबा. वरच्या बाजूचे तंतू आखडतात, खालच्या बाजूचे ताणले जातात आणि मधोमध एक थर असा राहतो की ज्याची लांबी बदलत नाही. तो न्यूट्रल ॲक्सिस. त्याच्यापासून जितकं दूर जाल तितका स्ट्रेस जास्त. गॅलिलिओने १६३८ साली भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार मांडला, तेव्हा त्याने तुळई खालच्या कडेवर फिरते असं धरलं आणि संपूर्ण छेद सारखाच ताणला जातो असं मानलं. मधला थर त्याच्या लक्षात आला नाही. आयताकृती तुळईसाठी त्यामुळे उत्तर आजच्या सूत्राच्या तिप्पट येतं. एवढ्या मोठ्या माणसाची नजर जिथे चुकली तिथे आपण घाई करू नये, हे मी मुलांना नेहमी सांगतो.

गर्डरचा आकार आय अक्षरासारखा का, याचंही उत्तर यातच आहे. जास्त काम कडेला असतं म्हणून जास्त लोखंड कडेला, फ्लँजमध्ये. मधला वेब दोन्ही फ्लँज एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. १०० बाय २५ मिलीमीटरची फळी आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवली तर लाकूड तेवढंच, पण कडकपणा १६ पट होतो.

भार लिहा, सगळा लिहा

एक टन म्हणजे १००० किलो. त्यात कप्पी, ट्रॉली, साखळी, हुक आणि बेल्ट यांचे मिळून ५० किलो धरले. १०५० किलोला ९.८१ ने गुणलं की १०,३०० न्यूटन.

साखळी ओढताना भार झटके घेत चढतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात हाताने चालणाऱ्या क्रेनसाठी १० टक्के जादा धरायला सांगितलं आहे, विजेवर चालणाऱ्यासाठी २५ टक्के. आपली कप्पी हाताची, म्हणून ११,३३० न्यूटन. पुढे कधी इलेक्ट्रिक होइस्ट बसवायचा विचार असेल तर आत्ताच २५ टक्के धरा. "सध्या हातानेच" म्हणून लावलेल्या गर्डरवर दोन वर्षांनी मोटार चढलेली मी पाहिली आहे.

मोमेंट

दोन टोकांना टेकलेल्या गर्डरवर भार बरोबर मध्ये आला की बेंडिंग मोमेंट, म्हणजे गर्डरला वाकवणारा जोर, सगळ्यात जास्त असतो. भार गुणिले स्पॅन (टेकूंमधलं अंतर) भागिले ४. इथे ११,३३० गुणिले ४ भागिले ४, म्हणजे ११,३३० न्यूटन-मीटर. किलोन्यूटन-मीटरमध्ये ११.३३.

गर्डरचं स्वतःचं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, त्याला वेगळं सूत्र: दर मीटरचं वजन गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले ८. आपल्या दीडशेच्या गर्डरचं, टेबलातल्या नावाने आयएसएमबी १५० चं, वजन मीटरला १४.९ किलो, त्याचा मोमेंट साधारण ०.२९ येतो. तुलनेला दोनशेचा, म्हणजे आयएसएमबी २०० घेतला तर त्याचं २५.४ किलो, त्याचा ०.५०. म्हणजे एकूण अनुक्रमे ११.६२ आणि ११.८३.

एककांची काळजी घ्या. मीटर आणि मिलीमीटर मिसळले की उत्तर हजारपट चुकतं. मी सगळं न्यूटन आणि मिलीमीटरमध्ये आणूनच भागाकार करतो.

स्ट्रेस: दीडशेचा गर्डर इथे पास होतो

स्टील टेबलमध्ये प्रत्येक गर्डरपुढे सेक्शन मॉड्युलस, म्हणजे छेदाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद दाखवणारा आकडा, दिलेला असतो. मोमेंटला त्याने भागलं की कडेच्या तंतूंचा स्ट्रेस मिळतो.

आयएसएमबी १५०: सेक्शन मॉड्युलस ९६.९ घन सेंमी. स्ट्रेस १२० मेगापास्कल.
आयएसएमबी २००: २२३.५ घन सेंमी. स्ट्रेस ५३ मेगापास्कल.

साध्या माइल्ड स्टीलचा, म्हणजे आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडचा यील्ड, म्हणजे ज्याच्या पुढे लोखंड कायमचं वाकतं तो स्ट्रेस, २५० मेगापास्कल. वर्किंग स्ट्रेस पद्धतीत त्याच्या ०.६६ पट, म्हणजे १६५ पर्यंत वाकण्याचा स्ट्रेस चालतो. १२० हे १६५ च्या आतच आहे. वर्कशॉपमालकाचा चेहरा खुलला. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात. पण १६५ ची मर्यादा वापरायला एक अट आहे.

वरचा फ्लँज बाजूला पळतो

वरचा फ्लँज दबलेला असतो. सायकलची तार दोन्ही टोकांनी दाबली की ती मध्येच बाजूला उडी मारते. गर्डरचा वरचा फ्लँजही तसाच बाजूला सरकू पाहतो आणि जाताना सगळा गर्डर पिळतो. स्लॅबमध्ये गाडलेल्या तुळईला ही भीती नसते, कारण स्लॅब तिला धरून ठेवतो. कप्पीचा गर्डर मात्र दोन टोकांच्या मध्ये मोकळा लटकलेला असतो. १६५ ची परवानगी वरचा फ्लँज धरलेला असेल तरच.

किती कमी करायचं, हे फ्लँज किती सडपातळ आहे त्यावर ठरतं. चार मीटर लांबीला आडव्या दिशेच्या जायरेशन त्रिज्येने (छेद त्या दिशेला किती पसरलेला आहे ते टेबलमधलं माप) भागा. आयएसएमबी १५० ची ही त्रिज्या १.६६ सेंमी, भागाकार २४१. आयएसएमबी २०० ची २.१५ सेंमी, भागाकार १८६. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीतल्या सूत्राने यावरून परवानगीचा स्ट्रेस काढला, तर दीडशेच्या गर्डरला साधारण ६८ मेगापास्कल आणि दोनशेच्या गर्डरला साधारण ८५ मेगापास्कल मिळतात. २००७ च्या आवृत्तीत मुख्य पद्धत लिमिट स्टेटची आहे, आकडेमोड वेगळी पडते. पण पहिला अंदाज घ्यायला जुनी पद्धत मला अजूनही सोपी वाटते.

१२० विरुद्ध ६८. दीडशेचा गर्डर इथे स्पष्ट नापास. दोनशेचा ५३ विरुद्ध ८५, पास. मधोमध किंवा तीन ठिकाणी वरचा फ्लँज छताच्या ट्रसला पक्का बांधता आला तर ही मोकळी लांबी कमी होते आणि परवानगी वाढते. मात्र नुसतं "टेकवलेलं" धरू नका, बाजूने सरकू न देणारा जोड हवा.

बाक

मध्ये येणारा बाक: भार गुणिले स्पॅनचा घन, भागिले (४८ गुणिले २ लाख गुणिले मोमेंट ऑफ इनर्शिया). मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे छेदाचा कडकपणा दाखवणारा टेबलमधला आकडा. इथे झटक्याचे १० टक्के धरत नाहीत, म्हणून १०,३०० न्यूटन.

आयएसएमबी १५० (७२६.४ सेंमीचा चतुर्थघात): ९.५ मिमी.
आयएसएमबी २०० (२२३५.४): ३.१ मिमी.

हाताने चालणाऱ्या क्रेनच्या गर्डरसाठी मर्यादा स्पॅन भागिले ५००, म्हणजे ८ मिमी. दीडशेचा इथेही नापास. आठ-नऊ मिलीमीटर ऐकायला फार नाहीत, पण एवढ्या बाकात ट्रॉली आपोआप मधल्या खोलगट भागाकडे घरंगळायला बघते आणि टोकाकडे ढकलताना चढण लागते. माणूस मग जोर लावतो आणि भार झुलतो.

वजन पावणेदोन पटीच्या आत वाढलं आणि कडकपणा तिप्पट झाला. उंची वाढवण्याचा हा फायदा. उलट, स्पॅन घनाने शिक्षा करतो: चारऐवजी पाच मीटर केलं की तोच बाक जवळजवळ दुप्पट.

तिरकं ओढू नका, आणि हे नुसतं सांगून थांबू नका

माझ्या मते या सगळ्या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची जागा ही आहे. गर्डर उभ्या दिशेला दांडगा असतो, आडव्या दिशेला अगदी अशक्त. आयएसएमबी २०० चा उभा सेक्शन मॉड्युलस २२३.५, आडवा फक्त ३०. सात पटीहून जास्त फरक.

जॉब गर्डरच्या बरोबर खाली नसतो. माणूस हुक बाजूला ताणतो, अडकवतो आणि साखळी ओढायला लागतो. साखळी उभ्या रेषेपासून १० अंश जरी तिरकी झाली, तरी उभ्या भाराच्या जवळपास १८ टक्के भार आडवा येतो, म्हणजे सुमारे १८०० न्यूटन. त्याचा आडवा मोमेंट १.८ किलोन्यूटन-मीटर. त्याला ३० घन सेंमीने भागलं की ६० मेगापास्कल. उभ्या दिशेचे ५३ आधीच आहेत. म्हणजे केवळ १० अंशांनी गर्डरच्या कोपऱ्यावरचा स्ट्रेस दुपटीच्या वर गेला. प्रत्यक्षात हा आडवा धक्का मुख्यतः खालच्या फ्लँजलाच बसतो, त्यामुळे खरी स्थिती याहून वाईट असते.

म्हणून गर्डरच्या रेषेच्या बरोबर खाली जमिनीवर ओळंबा सोडून पिवळा पट्टा मारा. जॉब आधी त्या पट्ट्यावर ढकलायचा, मग उचलायचा. पट्टा दिसला की नव्या माणसालाही समजतं.

टोकं, भोकं आणि गंज

ट्रॉली एका टोकाशी गेली की जवळजवळ सगळा भार त्याच टेकूवर येतो, ११,८०० न्यूटन धरा. वेबमधला शिअर, म्हणजे कातरणारा स्ट्रेस, १० मेगापास्कलच्या आसपास, त्याची चिंता नाही. चिंता भिंतीची. गर्डर विटांच्या भिंतीत १५० मिमी आत घुसवला तर १०० बाय १५० च्या जागेवर दाब ०.७९ मेगापास्कल होतो. साध्या विटकामावर मी अर्ध्या मेगापास्कलच्या वर जात नाही. खाली ३०० बाय २०० मिमीचा काँक्रीटचा बेड ब्लॉक घातला की तोच दाब ०.२ वर येतो. भिंत कमकुवत असेल तर सरळ खाली लोखंडी खांब उभे करा.

मध्यावर खालच्या फ्लँजला भोक पाडू नका आणि तिथे हुक वेल्ड करू नका. ताणाखालच्या रुंद पट्टीत गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर स्ट्रेस तिप्पट होतो. वर्षानुवर्षं भार चढ-उतार करत राहिला की चीर तिथूनच सुरू होते. वायरिंगची पट्टी लावायची असेल तर वेबच्या मधोमध लावा, तिथे वाकण्याचा स्ट्रेस जवळजवळ शून्य असतो.

ट्रॉलीची चाकं फ्लँजला जुळतात का तेही पाहा. आयएसएमबीच्या फ्लँजला आतून उतार असतो. सपाट फ्लँजची चाकं त्यावर फक्त कडेने टेकतात आणि फ्लँज बाहेर वाकवतात.

भंगारातला गर्डर घेताना तारेच्या ब्रशने गंज काढा आणि मगच व्हर्नियर लावा. आयएसएमबी २०० चा फ्लँज १०.८ मिमी जाड हवा. आत-बाहेर मिळून दोन मिलीमीटर गेले असतील तर कडकपणा सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला असतो. नायलॉनची दोरी टोकापासून टोकापर्यंत ताणून बाक आणि पीळ बघा. आधीच पीळ असलेला गर्डर या कामाला घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

चाचणी

आम्ही दोनशेचा नवा गर्डर बसवला. पुढच्या रविवारी चाचणी घेतली.

गर्डर साडेतीन मीटर उंच, तिथे डायल गेज धरणार कुठे? युक्ती सोपी आहे. मध्यावरून बारीक तार खाली सोडा, तिला पाच किलोचं सपाट तळाचं वजन बांधा आणि त्या वजनाच्या खाली जमिनीवर मॅग्नेट स्टँडवर डायल गेज उभा लावा. तारेवरचा ताण कायम सारखाच राहतो, म्हणून तारेचं लांबणं मापात येत नाही. गर्डर जितका खाली येईल तितकंच वजन खाली येतं. असाच एकेक डायल दोन्ही टोकांच्या टेकूंनाही लावा. हे बहुतेक जण विसरतात.

कप्पी लटकवून तिन्ही डायल शून्यावर आणले. भाराच्या खाली किंवा आजूबाजूला कुणालाही उभं राहू दिलं नाही, भार जमिनीपासून एक वीतच उचलायचा असं ठरवलं. आधी ५०० किलो. कागदावर मधला बाक १.४६ मिमी होता. डायलवर १.६२ दिसला.

मालक म्हणाला, "जास्त आला की ओ." टोकांचे डायल पाहिले. एक ०.१२, दुसरा ०.१८. म्हणजे टेकूच सरासरी ०.१५ मिमी बसले होते. १.६२ मधून ते वजा केले की १.४७. कागदाशी जुळलं.

आकडा कुठल्या बाजूला चुकतो त्यावरून कारण समजतं. टेकूंचं बसणं वजा केल्यावरही बाक जास्त येत असेल तर गर्डर पातळ झालेला आहे किंवा स्पॅन चुकीचा मोजला आहे. बराच कमी येत असेल तर टोकं पक्की जखडली गेली आहेत. पूर्ण जखडलेल्या टोकांचा बाक मोकळ्या टोकांच्या एक चतुर्थांश असतो. कमी बाक बघून खूश होऊ नका: जखडलेल्या टोकांवर उलटा मोमेंट येतो, आणि तिथले वेल्ड किंवा बोल्ट त्याच्या हिशेबाने केलेले नसतात.

मग १००० किलो. कागदावर २.९३, टेकू वजा करून डायलवर २.९६. भार उतरवला. तिन्ही काटे शून्यावर परत आले. हे परत येणं भाराखालच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. काटा अडकून राहिला असता तर कुठेतरी बोल्ट सरकला असता किंवा लोखंड यील्डच्या पुढे गेलं असतं, आणि मी त्या दिवशी कप्पी वापरू दिली नसती.

आमच्या पूर्ण भाराला, झटका धरून, कडेचा स्ट्रेन ०.०००२६५ येतो. यील्ड ०.००१२५ ला आहे. दर मीटरला पाव मिलीमीटरचं ताणणं.

गर्डरच्या दोन्ही बाजूंना "सुरक्षित भार १ टन" असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. जुन्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम २९ मध्ये सांगितलं होतं तसं, उचलण्याच्या यंत्रांवर सुरक्षित भार लिहिलेला हवा आणि सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा त्यांची पूर्ण तपासणी व्हायला हवी. एक टन आणि चार मीटरच्या पलीकडे जायचं असेल, भार वरचेवर उचलला जाणार असेल किंवा गर्डर इमारतीच्या छताला टांगायचा असेल, तर हा हिशेब घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि त्याच्याकडून तपासून, सही घेऊनच काम करा.

दीडशेचा तो जुना गर्डर राहिला होता. गंज काढून मोजला तर जाडी टेबलाप्रमाणे पूर्ण निघाली, पीळही नव्हता. मालकाला मोठ्या लेथवर जड चक चढवायला दुसरी कप्पी हवी होती, तिथे दोन खांबांमधलं अंतर दोनच मीटर. वही परत उघडली: स्ट्रेस ५९ मेगापास्कल, मोकळी लांबी निम्मी झाल्यामुळे परवानगी ११० च्या आसपास, बाक ९.५ चा आठवा हिस्सा, १.२ मिमी, आणि मर्यादा ४. गॅस कटरने तो बरोबर मध्ये कापून घेतला. एक तुकडा लेथवर गेला, दुसरा आता प्लेनरच्या डोक्यावर आहे.